दक्षिण भिंतीचं मीठ

शुक्रवारच्या नमाजानंतर काठावरच्या मशिदीच्या दक्षिण भिंतीशी चपलांचे अठ्ठावीस जोड होते आणि प्रत्येकात पांढरी भुकटी होती.

•

गोडं पाणी, एक टँकर. तारीख नऊ मे. पोचलं. पोचवणारा: फर्जानी. घेणाऱ्याची सही: (जागा रिकामी)

•

इस्पितळात मनगटाला बांधतात ती प्लास्टिकची पट्टी. वय एकाहत्तर. मूत्रपिंड. दाखल आठ मे. पाच महिने झाले, अजून कापलेली नाही.

•

मशिदीच्या दाराच्या चौकटीला, आतल्या बाजूनं, चुन्याच्या बोटाचे सात ठिपके. एकाखाली एक. बोट लहान.

•

'मी, याखलफ बिन साईद, गवंडी, शपथेवर सांगतो की दक्षिण भिंतीच्या गिलाव्यात मी समुद्राचं पाणी कालवलं. दुसऱ्या कुणाचा यात हात नाही.' खाली अंगठा.

दुसरं वाक्य त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

पृष्ठभाग

"वसीला, कबुली हातात आहे," सी मुनीर फोनवर म्हणाले. ते जुन्या वास्तू जपणाऱ्या आमच्या कार्यालयाचे साहेब; 'सी' आदरानं लावायचं. "आता तिथं जाऊन काय बघणार?"

"भिंत."

"भिंत काय पळून चाललीय?"

"चाललीय. लोकांच्या चपलांत बसून."

ते हसले नाहीत. "गुरुवारपर्यंत अहवाल. मशिदीची मंडळी थांबलीत."

मंडळी कशासाठी थांबलीत, हे जेरबा बेटावर कुणाला सांगावं लागत नाही. मशिदीच्या कामात लबाडी केलेल्या माणसाच्या दारात गाव येतं, पण आत पाऊल टाकत नाही. तो मेला की लांब उभं राहतं. आणि मालेम, म्हणजे उस्ताद, याखलफ मरायला टेकला होता. आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्रातून फिरवून आणायचे. दर वेळी तो थोडा कमी होऊन परत यायचा.

चुना मी त्याच्याकडे शिकले, दोन उन्हाळे. विद्यापीठातून कागद घेऊन आले होते. त्यानं कागद बाजूला ठेवायला लावला आणि म्हणाला, "जीभ लाव भिंतीला." मी लावली. "काय म्हणते?" मला काहीच कळलं नाही. तेव्हा तो खदखदून हसला होता.

आता दक्षिण भिंतीला मी जीभ लावली. खारट. भिंगातून पाहिलं. बारीक चौकोनी खडे, एकमेकांना ढकलत बाहेर येणारे. पाणी वाळतं, मीठ मागं राहतं. ते भिंतीच्या छिद्रांत फुगतं आणि आतून चुन्याची वीण उसवत जातं. इतपत कोणीही सांगेल.

कोणीही सांगणार नाही ते असं. समुद्र उत्तरेला आहे आणि मीठ दक्षिणेला होतं. म्हणजे वाऱ्यानं आणलेलं नाही. जमिनीलगत दोन वितींचा पट्टा कोरा, म्हणजे खालून चढलेलंही नाही. मीठ सुरू होत होतं गुडघ्यापासून आणि संपत होतं माझ्या कपाळाशी. तिथं फुटाफुटावर खिळ्यांची भोकं होती, सूत धरल्यासारखी एका रेषेत. त्या रेषेच्या वर मीठ नाही. पण तिथला गिलावाही धड नव्हता. नखानं ओरखडा काढला तर कणकेसारखा निघाला. नवा गिलावा आठवडाभर ओला ठेवावा लागतो; हा कोवळा असतानाच उन्हानं वाळून मेलेला चुना.

खाली मिठानं मेलेला, वर तहानेनं. एकाच भिंतीत दोन आजार.

मालेमनं मिश्रणात मीठ कालवलं असतं तर ते रेघ बघून थांबलं नसतं.

तीन मिलिमीटर

फर्जानी त्याच्या टँकरखाली आडवा होता. पाय तेवढे बाहेर.

"पाणी हवं असेल तर उद्या या."

"नऊ मेचं हवंय."

पाय हलायचे थांबले.

"ताई, ते भिंतीत गेलं. मालेमनं खारं पाणी घातलं असं तो स्वतः सांगतोय, मग माझं गोडं पाणी कशाला ढवळताय?"

"चिठ्ठीवर घेणाऱ्याची सही नाही."

"त्याला सही येते कुठं? अंगठा देतो."

"अंगठाही नाही. आणि नऊ तारखेला तो इस्पितळात होता. आठ तारखेला नेलं त्याला."

टँकरखाली पाना जमिनीवर ठेवला गेला. मग आवाज आला, "तुमच्या नवऱ्याची कीव येते मला."

"नवरा नाही."

"वाटलंच."

तो सरपटत बाहेर आला. तोंड तेलानं माखलेलं, डोळे तेवढे ओशाळे. "पंप जळला होता. दहा दिवस गाडी जागची हलली नाही. म्हातारा इस्पितळात आहे असं कळलं. म्हटलं काम बंद असणार, पाणी प्यायला तिथं आहे कोण? ठेकेदाराला चिठ्ठी हवी होती, खरडून दिली."

"म्हणजे पाणी पोचलंच नाही."

"थेंब नाही." त्यानं चिंध्यांनी हात पुसले, पुन्हा पुसले. "एक सांगू? कबुली देताना त्यानं माझं नाव घेतलं असतं ना, 'फर्जानीनं पाणी आणलं नाही म्हणून समुद्राचं घातलं', तर मी नाही म्हटलं नसतं. वल्लाह, मान खाली घालून उभा राहिलो असतो. रोज वाट बघत होतो, आज घेईल, उद्या घेईल. घेतलंच नाही. का नाही घेतलं हो?"

एक बोट

भिंतीतून मी बोटभर खोल तुकडा काढला आणि पावासारखा कापला. वरच्या तीन मिलिमीटरमध्ये मीठच मीठ. त्याखाली कमी. बोटाच्या दुसऱ्या पेरापासून पुढं काही नाही. आतला चुरा पाण्यात घोळून औषधाचे थेंब टाकले, मीठ असतं तर पाणी दुधासारखं झालं असतं. पाणी पाणीच राहिलं.

सी मुनीर म्हणतील, वाळताना मीठ बाहेरच येतं, बाई. येतं. पण येताना आपली वाट मागं ठेवून येतं. इथं वाटच नव्हती. मीठ बाहेरून आलं होतं आणि दारातच थांबलं होतं.

अम्म अय्यूब, म्हणजे अय्यूब काका, मशिदीच्या ओट्यावर बसून जोड्यातली भुकटी झटकत होता. मशीद तो सांभाळतो. कबुलीचा कागद त्याच्याच हातचा.

"तीस वर्षं घालतोय हे बूट," तो म्हणाला. "परवा एकजण विचारतो, अय्यूब, नवे घेतलेस का."

"कबुली तुम्ही लिहिलीत."

"तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. दोनदा शब्द चुकला. त्याचा नाही, माझा." त्यानं बूट खाली ठेवला. "आम्ही एका दिवशी सुंता झालेले, वसीला. याच अंगणात. तो रडला नव्हता, मी रडलो होतो. आणि शेवटी यानंच मशिदीला फसवावं?"

मी अंगणातल्या टाकीकडे पाहिलं. गच्चीवरचं पावसाचं पाणी तिच्यात येतं. झाकणावर दोरी आणि बादली होती. "मे महिन्यात हिच्यात पाणी होतं?"

"तीन हात."

"कुलूप?"

"मशिदीच्या टाकीला कुलूप घालतात का कोणी?"

"मग भिंतीला यातलंच का नाही घेतलं?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कबरीवर भाजी लावायची गोष्ट काढली. "हे पिणाऱ्याचं पाणी आहे. वाटसरूचं. ज्यानं टाकी खोदली त्यानं तसं देऊन ठेवलंय, चारशे वर्षांपूर्वी. यातलं भिंतीला? या गावात तहानेनं मरेल माणूस, पण यातला एक तांब्या चिखलात ओतणार नाही."

"कुणी मागायला आलं होतं?"

"मी नव्हतोच. लेकीकडे गेलो होतो, ट्युनिसला, अकरा दिवस. परत आलो तर भिंत ओली होती. पांढरीशुभ्र. हात लावला तर गार. मी मनात म्हटलं, वा रे याखलफ."

मी टिपणं काढणं थांबवलं.

मालेम इस्पितळात होता. टँकर आला नव्हता. टाकीला कुणी शिवलं नव्हतं. आणि भिंत ओली होती.

निघताना चौकटीवरच्या सात ठिपक्यांपैकी एकावर मी बोट ठेवून पाहिलं. माझं बोट मोठं पडलं.

आतला थर

मालेमची बायको, शलबिया खाला, चुलीपाशी मासळी साफ करत होती. मालेम पलीकडच्या खोलीत चटईवर पडला होता, चार पावलांवर, दार उघडं.

"तुझ्या मालेमला सांग," ती मला म्हणाली, "कुसकुस झाकून ठेवलाय. खायचा तर खाईल."

"तुझ्या खालाला सांग," पलीकडून आवाज आला, "भूक नाही."

"त्याला सांग, माझ्यावर उपकार नकोत."

मी दोघांच्या मध्ये उभी. कबुली दिल्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. पाय दाबून द्यायची, औषधं मोजून द्यायची, पण बोलायची दुसऱ्या कुणाकडून. कुणी आलं नाही तर शेळीला सांगायची आणि तो ऐकायचा.

प्रत्येक कामाचा मूठभर गिलावा गोळा करून वाळवून ठेवायची मालेमची सवय होती. फळीवर ओळीनं गोळे होते. प्रत्येकात बोट दाबून केलेला खळगा.

"दक्षिण भिंतीचा गोळा हवाय," मी म्हटलं.

"तो फुटला," पलीकडून तो घाईनं म्हणाला.

"फुटला?" शलबिया उठली. ओल्या हातानंच तिनं फळीवरचा शेवटचा गोळा काढून माझ्या ओंजळीत टाकला. "हा घे! लबाडीचा गोळा माझ्या घरात नको. पंचेचाळीस वर्षं या माणसाचे चुन्यानं फाटलेले हात मी तेल लावून शिवत आले. म्हणायचे, माझा नवरा दरिद्री आहे पण त्याची भिंत खोटं बोलत नाही. आणि त्यानं काय केलं? मी सात दिवस, वसीला, सात दिवस त्या भिंतीला पाजत होते. गोणपाटं टांगली, ओली ठेवली, कंबर मोडली माझी. अन् हा आधीच तिच्या पोटात विष कालवून बसला होता!"

माझ्या तोंडात प्रश्न आला होता. दोन शब्दांचा. कुठलं पाणी?

दारात मालेम उभा होता. भिंतीचा आधार घेऊन, मनगटावर ती पट्टी. तो माझ्याकडे बघत होता आणि मान हलवत होता. नाही. नाही.

मी प्रश्न गिळला.

गोळा घरी नेऊन फोडला, जिभेला लावला, पाण्यात घोळला, थेंब टाकले. पाणी स्वच्छ राहिलं. त्यानं आयुष्यात कालवलेला बहुतेक सगळ्यात चांगला चुना असेल तो.

दगड

मंगळवारी त्याला यंत्राकडे न्यायला मीच गाडी घेऊन गेले. वाटेत खजुरीच्या सावलीत थांबवली.

"कधी कळलं तुम्हाला?"

त्यानं काच खाली केली. "ऑगस्टात. मीठ फुललं तेव्हा. खिळ्यांची रांग बघितली. तिचा हात कुठवर पोचतो ते मला कळणार नाही होय? पंचेचाळीस वर्षं ती त्याच उंचीवर माझे सदरे वाळत घालते. शिडीला भिते. वर पाणी पोचलंच नाही."

"तिला सांगायचंत."

"काय सांगू? तू एकटीनं डबे वाहिलेस, त्यानंच भिंत मेली?"

"ती तुम्हाला लबाड समजते, मालेम. तुमच्याशी बोलत नाही."

"नाही बोलत. पण रागानं कशी ताठ उभी असते, बघितलंस? शेजारणींशी भांडते, मासे आणते, शेळीला शिव्या देते. हे कळलं तर ती बसेल. आणि मी नसताना तिला उठवणार कोण?"

"आणि तुमचं नाव?"

"नाव मी घेऊन जाणार. तिला इथं राहायचंय." त्यानं माझा हात हातात घेतला. तळवा अजून खरखरीत होता. "लिही तू. समुद्राचं पाणी, मिश्रणात. मी शिकवलंय तुला. एक भिंत माझ्यासाठी चुकीची वाच."

अहवाल

मिश्रण निर्दोष होते. क्षार नंतर बाहेरून आले. (खोडलं. कुठून, असं पहिलाच माणूस विचारेल.)

टँकर पोचला नाही. (खोडलं. मग भिंत काय प्यायली?)

गिलावा ओला ठेवण्यासाठी वापरलेले पाणी. (इथंच थांबले. हे वाक्य गावात वाचून दाखवतील. भिंत कोण ओली ठेवत होतं ते सगळ्यांना ठाऊक नसेल, तिला ठाऊक आहे.)

मिश्रणात समुद्राचे पाणी होते. (चार शब्द. लिहून झाले. सही करायला पेन उचललं आणि जिभेवर त्या गोळ्याची चव आली.)

बुधवारचा सगळा दिवस असा गेला. प्रत्येक खरं वाक्य चालत चालत तिच्या पायाशी जात होतं. गुरुवारी पहाटे, फजरच्या नमाजाच्या वेळेला, मालेम गेला.

दार

दुपारी त्याला न्यायचं होतं. घरात बायका होत्या, दारात मोजून अकरा पुरुष. बाकीचं गाव रस्त्यापलीकडे, जैतुनाच्या झाडाखाली उभं. परत जात नव्हतं, पुढं येत नव्हतं. अय्यूब त्यांच्यातच, पाठ वळवून. सी मुनीरही आले होते. त्यांनी लांबूनच हातानं विचारलं, अहवाल? मी नजर चुकवली.

आत, मयत उचलण्यापूर्वी बायकोला विचारतात ते एका म्हातारीनं विचारलं. "शलबिया, त्याचं काही राहिलं असेल तर माफ केलंस?"

शलबियानं चादरीची कड सारखी केली. दुसऱ्यांदा विचारलं. तिनं मला हाक मारली.

"तू चुना जाणतेस. त्यानं शिकवलंय तुला. मला खोटं सांगू नकोस." तिचे डोळे कोरडे होते. "त्यानं खरंच घातलं होतं का?"

हो म्हटलं असतं तर त्याची इच्छा पुरी झाली असती. त्याचा चेहरा माझ्यासमोर होता, हनुवटी बांधलेली. मी हो म्हणायचं ठरवलं होतं. पण त्याला माफ करायला तिला सांगत होते, आणि माफी मागण्यासारखं त्यानं काहीच केलं नव्हतं.

"नाही, खाला."

"मग मीठ कुठून आलं?"

मी बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग कोपऱ्यातल्या पाण्याच्या निळ्या डब्यांकडे. ओठ हलत होते, काहीतरी मोजल्यासारखे.

मग ती बसली. तो म्हणाला होता तशी. कुणी खालचा खांब काढून घ्यावा तशी.

बायकांनी धरलं, पाणी पाजलं. किती वेळ गेला कोण जाणे. म्हातारीनं पुन्हा हळूच विचारलं, "माफ केलंस?"

"मला काय विचारतेस?" शलबिया म्हणाली. "त्याला विचार. विचार ना. आता कोण विचारणार त्याला?"

आणि ती उठली. कुणी हात दिला नाही, तिनं घेतलाही नसता. पुरुष उभे असताना बायका मयताच्या दारातून बाहेर पडत नाहीत. ती पडली. रस्ता ओलांडून जैतुनाखाली गेली.

"अय्यूब," ती म्हणाली. "वळ इकडे."

तो वळला.

"पाणी मी आणलं. समुद्रातून. घरची टाकी आटली होती, मशिदीचं पाणी पिणाऱ्याचं होतं, टँकर आला नाही. मीठ चुन्यात कालवू नये हे मलाही कळतं. गोणपाटालाही खारं चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा चुना गोडा होता." आवाज एकदाच फाटला. "मला काय बोलायचं ते उद्या बोला. रोज बोला. आज त्याला उचला."

फर्जानी सगळ्यात मागं होता. त्यानं डोकं दोन्ही हातांत धरलं. अय्यूब रस्ता ओलांडून आत आला आणि पहिला खांदा त्यानं दिला. मग मी मोजायचं सोडून दिलं.

अहवालात मी शेवटी तिचंच वाक्य लिहिलं, तिला विचारून. ती म्हणाली, लिही. दक्षिण भिंत सोलून काढली, नवी केली. तिला पाणी कोण घालतं ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

आठ मेला, इस्पितळाच्या गाडीत चढताना, याखलफ तिला एवढंच म्हणाला होता: "शलबिया, भिंत वाळू देऊ नकोस."